गोंद, खळ आणि सोल्युशन: कुपवाड-मिरजेतल्या नव्या कारखानदाराने सरकारी नियमांचा माग कसा ठेवावा

कुपवाडला शेड घेऊन कोणी सोफ्याच्या फोमचं काम सुरू करतो. कोणी मिरज एमआयडीसीत द्राक्षाची खोकी बनवायला लागतो. कोणी पंप जोडताना नट-बोल्टला लॉकिंग लिक्विड लावतो, तर कोणी स्वतःच रबर सोल्युशन ढवळून डबे विकायचं ठरवतो. चौघांचेही प्रश्न तेच असतात: आमच्या मालाला सरकारचे नियम कोणते, आणि ते बदलले की आम्हाला सांगणार कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कोणीही सांगणार नाही. राजपत्रात छापून आलं म्हणजे सगळ्यांना कळलं, असं कायदा धरून चालतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे, कारण चिकटवायच्या मालासाठी वेगळा असा एक कायदाच नाही. नियम वेगवेगळ्या दारांनी आत येतात. आत द्रावक (गोंद पातळ ठेवणारा, लावल्यावर उडून जाणारा द्रव) कोणता, तो किती साठवलाय, सांडपाणी कुठे जातं, ड्रममधली खरवड कुठे टाकता, डबा कोणाला विकता आणि चिकटवलेली वस्तू शेवटी कोणाच्या हातात पडते, यावर तुमचं दार ठरतं. म्हणून इंटरनेटवर 'गोंदाचे नियम' शोधत बसू नका. सुरुवात आपल्या गोडाऊनपासून करायची.

पहिली पायरी: गोडाऊनची यादी

वही घ्या आणि शेडमध्ये फिरा. चिकटवणारं जे जे आहे ते लिहा: पांढरा गोंद, खळ, सोल्युशन, हॉटमेल्टच्या कांड्या, इपॉक्सीचे दोन डबे, हार्डनर. सोबत थिनरही लिहा. तो 'गोंद नाही' म्हणून यादीतून सुटतो आणि तपासणीत पहिला सापडतो. प्रत्येकापुढे नाव, कंपनी, जास्तीत जास्त किती साठा असतो आणि तो कशात ठेवलाय, एवढं पुरे.

मग प्रत्येक मालाचं सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागवा. बाजारात त्याला सगळे 'एमएसडीएस'च म्हणतात. त्यात सोळा भाग असतात. सगळे वाचायची गरज नाही, नव्या माणसाने चार नीट वाचले तरी भागतं. दुसऱ्या भागात धोका काय ते असतं. तिसऱ्यात आत काय आणि किती टक्के ते असतं. नवव्यात फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगी लागताच पेटते तो आकडा असतो. चौदाव्यात वाहतुकीचा यूएन क्रमांक.

उदाहरणादाखल सोफ्यासाठी किंवा चपलेसाठी वापरतात ते रबराचं सोल्युशन घ्या. तिसऱ्या भागात टोल्युइन आणि हेक्सेन सापडण्याची शक्यता मोठी. नुसत्या टोल्युइनचाच फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. सांगलीत जानेवारीच्या पहाटेही शेडचं तापमान त्याच्या वरच असतं, म्हणजे उघड्या डब्यावर कायम पेटू शकणारी वाफ तरंगते आहे. चौदाव्या भागात यूएन ११३३ दिसेल. ज्वलनशील द्रव असलेल्या चिकटपदार्थांचा तो जागतिक क्रमांक. हे दोन आकडे हातात आले की पुढचे बरेच कायदे आपोआप उलगडतात.

पुरवठादार पत्रक द्यायला टाळाटाळ करत असेल, किंवा दहा वर्षांपूर्वीची पुसट झेरॉक्स देत असेल, तर माल दुसरीकडून घ्या. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतच लेबल आणि माहितीपत्रकाची तरतूद आहे. तुम्ही उपकार मागत नाही आहात.

दुसरी पायरी: कोणता माल कोणत्या दाराने

द्रावकाचं दार सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून तिथे थोडं थांबू. पेट्रोलियम कायदा १९३४ चा आहे. नाव ऐकून तो पंपवाल्यांचा वाटतो. पण त्यातल्या 'पेट्रोलियम'च्या व्याख्येत कोणताही द्रव हायड्रोकार्बन येतो, आणि असा हायड्रोकार्बन असलेलं ज्वलनशील मिश्रणही येतं. म्हणजे टोल्युइन आलं, हेक्सेन आलं आणि त्यांच्यात विरघळवलेलं सोल्युशनही आलं. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असेल तर तो माल 'अ' वर्गात जातो. विक्रीसाठी नसलेला 'अ' वर्गाचा माल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतो, तोही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचं भांडं असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठं नको.

आता २०० लिटरच्या ड्रमचा विचार करा. एकच ड्रम आणला तरी मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली. 'आम्ही गोंद वापरतो, पेट्रोल नाही' हे उत्तर तिथे चालत नाही. या परवान्यांचा कारभार पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची संघटना) या केंद्रीय संस्थेच्या कक्षेत येतो आणि तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. नव्या माणसाला माझा सल्ला असा, की परवान्याच्या मागे लागण्याआधी पाण्यात बनवलेला गोंद आपल्या कामाला चालतो का ते करून बघा. लाकूड आणि कागदासाठी बहुतेक वेळा चालतो. फोमलाही आता पाण्याचे पर्याय मिळतात, फक्त वाळायला वेळ घेतात. एक द्रावक गेला की त्याच्यामागचे तीन कायदे जातात.

द्रावक ठेवायचाच असेल तर बेंझीनकडे वेगळं लक्ष द्या. स्वस्तातल्या थिनरमध्ये ते मिसळलेलं असू शकतं. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा त्यावर १९७१ चा करार आहे आणि भारताने तो १९९१ मध्ये मान्य केला. त्यात एक टक्क्याहून जास्त बेंझीन असलेल्या मालाला बंधनं आहेत. पुरवठादाराकडून 'बेंझीन अमुक टक्क्यांच्या आत' असं सहीशिक्क्याचं पत्र घेऊन ठेवा.

दुसरं मोठं दार कचऱ्याचं. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम उघडा आणि पहिल्या अनुसूचीतला २३ वा क्रमांक काढा. गोंद, चिकटपदार्थ आणि रेझिन (कृत्रिम राळ) यांचं उत्पादन किंवा औद्योगिक वापर, त्यातून निघणारा कचरा आणि गाळ, असं तिथे सरळ लिहिलंय. 'वापर' हा शब्द नीट बघा. तुम्ही गोंद बनवत नसाल, नुसता लावत असाल, तरी ड्रमच्या तळाची खरवड यात येते. त्याच ओळीत एक सूटही आहे. वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य पदार्थांपासून बनलेल्या मालाचा कचरा या नोंदीतून वगळलाय. त्यामुळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सरस गरम करून तंबोऱ्याला लावणारा कारागीर या नोंदीत येत नाही, खोकीवाल्याची मक्याच्या स्टार्चची खळही येत नाही, पण शेजारच्या शेडमधलं वाळलेलं सोल्युशन येतं. रिकामे ड्रम वेगळ्या नोंदीत आहेत, ३३ व्या क्रमांकाखाली. ते भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायची आपल्याकडची पद्धत कागदावर नियमभंग ठरते, आणि त्या ड्रमातून पुढे कोणीतरी पाणी भरतो ती गोष्ट आणखी निराळी.

या दाराने आत गेलात की प्रदूषण मंडळाची अधिकृती, म्हणजे लेखी परवानगी, लागते, नोंदवही ठेवावी लागते, कचरा ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, आणि तो रांजणगावसारख्या अधिकृत केंद्राकडे मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदीच्या कागदासह, पाठवावा लागतो. दर वर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये वार्षिक विवरण भरायचं.

खळीचा कचरा घातक नाही म्हणून खोकीवाल्याने निवांत बसू नये. खळीत कॉस्टिक आणि बोरॅक्स असतं, टाकी धुतली की स्टार्चचं पाणी गटारात जातं आणि दोन दिवसांत आंबून वास मारतं. इथे जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा लागू होतो. उद्योग उभारायची आणि चालवायची, अशा दोन संमती लागतात. बोलताना सगळे 'कन्सेंट' म्हणतात. सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय प्रदूषण मंडळाच्या कोल्हापूर विभागात आहे आणि साताऱ्याचं पुणे विभागात. कराडच्या तासवडे एमआयडीसीतला मित्र सांगतो तो अनुभव कुपवाडला तसाच्या तसा लागू होईलच असं नाही. नियम तेच असतात, पण फाईल दुसऱ्या टेबलावर असते.

स्वतः रेझिन शिजवायचा विचार असेल, विशेषतः फॉर्मल्डिहाइडचं, तर प्रकरण एकदम वरच्या पायरीवर जातं. कृत्रिम सेंद्रिय रसायनं २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत ५(फ) खाली येतात. नुसती कन्सेंट घेऊन सुरू झालेले फॉर्मल्डिहाइडचे कारखाने हरियाणात अडचणीत आले आणि २०२२ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागेची इसार रक्कम देण्याआधी हे तपासा, नंतर नाही.

बाकीची दारं थोडक्यात. डबे विकत असाल तर वजनमापाचे २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागतात. किरकोळ डब्यावर पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा फोन हे सगळं हवं. २५ किलोपेक्षा मोठ्या पॅकला आणि थेट कारखान्याला दिलेल्या मालाला त्यातून सूट आहे. मात्र मोठा ड्रम आणून त्यातून एक-एक किलोचे डबे भरून दुकानात ठेवले की सूट संपली. टेम्पोतून ज्वलनशील माल पाठवत असाल तर मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीवर आणीबाणीची माहिती लिहिलेली पाटी आणि प्रशिक्षण घेतलेला चालक लागतो. कामगारांच्या बाबतीत मोठा बदल झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत विलीन झाला. वीज वापरून २० कामगार झाले की ती जागा कारखाना ठरते. जुन्या पुस्तकांवरून सल्ला देणारे अजून बरेच आहेत, त्यांना कोणत्या वर्षाचं पुस्तक ते विचारा.

तिसरी पायरी: गिऱ्हाइकाचा नियम हाही तुमचाच नियम

हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. हळदीचं किंवा बेदाण्याचं पाऊच बनवणाऱ्याला एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे, पॅकेजिंगचे २०१८ चे नियम लागतात. पॅकिंगमधून अन्नात उतरणाऱ्या पदार्थांची एकूण मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. पाऊचच्या दोन थरांमधला गोंद तुमचा असेल तर चाचणी पाऊचवाल्याच्या मालाची होते, पण धावपळ तुमची होते. प्लायवुडचंही तसंच. त्यावर गुणवत्ता नियंत्रण आदेश (मानक सक्तीचं करणारा सरकारी आदेश) आहे, म्हणून प्लायवुडवाला तुमच्याकडे आयएस ८४८ या भारतीय मानकाप्रमाणे रेझिनचा अहवाल मागणार.

तासगावच्या द्राक्षांची खोकी युरोपात जातात. खळीतलं बोरॅक्स युरोपच्या 'अतिचिंताजनक' रसायनांच्या यादीत २०१० पासून आहे आणि वस्तूत ते ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर पुढच्याला कळवावं लागतं. निर्यातदाराचा फॉर्म आला की 'नाही, नाही, नाही' अशा टिका मारून परत पाठवू नका. एका टाकीत बोरॅक्स किती टाकता, त्या टाकीत किती खोकी होतात, वाळल्यावर खोक्याचं वजन किती, हा हिशेब कागदावर मांडा आणि फॉर्मला जोडा. एकदा केला की प्रमाण बदलेपर्यंत तोच चालतो.

चौथी पायरी: राजपत्र वाचायला शिका

व्हॉट्सॲपवर 'सरकारचा नवा नियम, आजपासून दंड' असं काही आलं की त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टींची भेळ झालेली असते: मसुदा, अंतिम अधिसूचना आणि कोणाच्यातरी सेमिनारची जाहिरात. मूळ कागद काढणं अवघड नाही. केंद्राचं राजपत्र ऑनलाइन फुकट मिळतं. आधी हिंदी मजकूर असतो, मागे इंग्रजी.

वरच्या कोपऱ्यात 'सा.का.नि.' किंवा 'का.आ.' आणि पुढे क्रमांक असतो. सा.का.नि. म्हणजे सर्वसाधारण नियम, का.आ. म्हणजे आदेश किंवा अधिसूचना. क्रमांकानंतर कंसात 'अ' असेल तर ते असाधारण राजपत्र. घातक कचऱ्याचे नियम सा.का.नि. ३९५(अ), तारीख ४ एप्रिल २०१६. पर्यावरण मंजुरीची अधिसूचना का.आ. १५३३(अ), तारीख १४ सप्टेंबर २००६. फॉरवर्ड पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: क्रमांक काय? क्रमांक नसेल तर तो निरोप तिथेच सोडून द्या.

क्रमांक मिळाला की चार ठिकाणी बोट ठेवा. एक, 'प्रारूप' हा शब्द आहे का. असेल तर तो मसुदा आहे, अजून नियम नाही. पर्यावरणाच्या मसुद्यांवर साधारण ६० दिवस हरकती घेतात, आणि छोट्या कारखानदाराने दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं तरी ते नोंदवलं जातं. मला वाटतं हा हक्क आपण फुकट घालवतो. दोन, नियम कधीपासून लागू ते पहिल्याच कलमात असतं. छापल्याची तारीख आणि लागू होण्याची तारीख यांत कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं. तीन, सूट कोणाला. गुणवत्ता नियंत्रण आदेशांत लघु उद्योगांना तीन आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जास्तीचे देण्याची पद्धत आहे. इथे तुमचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाच्या नोंदणीचा कागद, कामाला येतं. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटी उलाढाल अशी वाढली आहे, त्यामुळे आधी 'लघु' असलेले काही जण आता 'सूक्ष्म' झालेत. चार, तळटीप. मूळ नियम कधीचे आणि त्यांत आतापर्यंत कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या, याची साखळी तिथे छापलेली असते. ती साखळी म्हणजे फुकटातला सल्लागार.

नियम मागेही घेतले जातात, हे लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएस्टर धाग्यांसह काही मालांवरचे गुणवत्ता नियंत्रण आदेश केंद्राने रद्द केले. आधीच्या आदेशापायी महाग माल घेण्याचा करार केलेल्यांना ही बातमी वेळेत कळणं पैशाचं होतं.

मानकांबद्दल नव्यांचा नेहमी गोंधळ होतो. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाला आयएस ४८३५ आहे, टाइल लावायच्या चिकटपदार्थाला आयएस १५४७७, सरसाला आयएस ८५२. मानक असणं म्हणजे सक्ती नव्हे. सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला की सक्ती होते. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर ही मानकं फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा 'आयएसआय शिवाय विकताच येणार नाही' असं सांगून प्रमाणपत्राचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्याला आदेशाचा क्रमांक विचारा.

पाचवी पायरी: बघायचं कुठे आणि किती

रोज बघायची गरज नाही. महिन्यातून एक सकाळ ठरवून टाका, जीएसटीचं विवरण भरून झालं की दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचना, प्रदूषण मंडळाची परिपत्रकं, मानक ब्युरोची सक्तीच्या मालांची यादी आणि पेसोचं सूचनांचं पान बघायचं. शोधताना 'ॲडहेसिव्ह' हा शब्द टाकाच, पण त्यावर थांबू नका. तुमच्या वहीतली रसायनांची नावं टाका: टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, बोरॅक्स, आयसोसायनेट. नियम बहुधा त्या नावांनी येतात.

स्थानिक औद्योगिक संघटनेचं सभासदत्व घ्या. परिपत्रक तिथे लवकर पोचतं आणि शेजारच्या शेडला नोटीस आली ती कशावरून, हेही तिथेच कळतं. सल्लागार ठेवायला हरकत नाही. पण पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच ठेवा. मंडळाचे निरोप त्या नंबरवर येतात. सल्लागार बदलला आणि नंबर त्याचाच राहिला, की नोटीस त्याच्या फोनमध्ये आणि मुदत तुमच्या डोक्यावर.

शंका असेल तर कार्यालयात तोंडी विचारून या, साहेब लोक बहुतेक नीट सांगतात. मात्र परत आल्यावर तोच प्रश्न ईमेलने किंवा अर्ज आवक करून लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी उत्तर बदलीबरोबर जातं.

सहावी पायरी: फाईल आणि भिंतीवरचं कॅलेंडर

एक बॉक्स फाईल पुरते. पहिल्या कप्प्यात गोडाऊनची यादी आणि माहितीपत्रकं, दुसऱ्यात संमती, अधिकृती, परवाने, तिसऱ्यात मॅनिफेस्ट आणि पोच. कन्सेंटच्या कागदात मागच्या पानांवर अटी असतात, त्या कोणी वाचत नाही. तुमची उत्पादनाची मर्यादा आणि मंजूर कचऱ्याचं प्रमाण तिथेच लिहिलेलं असतं. माल वाढवला, सोल्युशनचा ब्रँड बदलला, पाण्याच्या गोंदावरून द्रावकावर आलात, तर आधी ती पानं बघा.

कॅलेंडरवर लाल पेनाने मांडायच्या तारखा: ३० जून, घातक कचऱ्याचं विवरण. ३० सप्टेंबर, ज्यांना लागू असेल त्यांचं पर्यावरण विवरणपत्र, फॉर्म ५. कन्सेंट संपायची तारीख आणि तिच्या चार महिने आधीची दुसरी खूण, कारण कागद जुळवायला वेळ जातो. कचरा साठवायला सुरुवात केली तो दिवस आणि तिथून ९० वा दिवस. पर्यावरण कायद्यातल्या बऱ्याच कसुरींसाठी एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी दंड आहे, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. तुरुंग टळला म्हणून काही जण खूष आहेत, पण दंडाची ती वरची रक्कम छोट्या शेडच्या वर्षभराच्या नफ्याहून मोठी असू शकते.

नव्या मालाचा पहिला डबा आत येईल त्या दिवशी त्याचं माहितीपत्रक फाईलला लावा आणि वहीत ओळ वाढवा. हे काम स्टोअरच्या माणसाकडे द्या, ऑफिसकडे नको. डबा त्याच्या हातातून आत येतो.